पोटाच्या शिबिराला जाताय? कोल्हापूरकरांनी आधी हे वाचा

आपल्याकडं पोटात जळजळलं की लोक गंगावेशीला जाऊन म्हशीचं दूध पितात, आणि तासाभरानं परत जळजळायला लागलं की मेडिकलमधनं गॅसची गोळी आणतात. मी हे पाच-सहा वर्षं केलं. मग मेव्हण्यानं सांगितलं की पोटाचं शिबिर असतंय, तिथं सात दिवस राहायचं, डॉक्टर असतात, पोट नवं करून देतात. पोट काय कुणी नवं करून देत नाही भावा. पण नीट तयारी करून गेलात तर आपल्या पोटाला नेमकं काय सोसत नाही ते कळतंय, आणि माझ्या मते तेवढ्यासाठीच जायचं. "शरीरातलं विष बाहेर काढतो" असं कुणी म्हणालं की समजायचं, त्याला तुमच्या पोटापेक्षा तुमच्या खिशाची काळजी जास्त आहे, ते काम लिव्हर आणि किडनी रोजच फुकट करत असतात.

तर पहिलं काम म्हणजे पोटाच्या डॉक्टरांना दाखवणं. शिबिर ही रोग शोधायची जागा नाही. वजन आपोआप उतरतंय, शीतून रक्त पडतंय, शी डांबरासारखी काळी होतीय (लोहाच्या गोळ्यांनीपण काळी होते, ते डॉक्टरांना सांगा), घास अडकतोय, हिमोग्लोबिन कमी आलंय, रात्री झोपेतनं उठून पळायला लागतंय किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालाय, यातलं एक जरी असलं तरी बॅग भरायची नाही, आधी डॉक्टर सांगतील त्या तपासण्या. पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच त्रास चालू झाला असला तरी तेच.

दुसरी गोष्ट कुणीच सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. शिबिरात गहू बंद करतात. गव्हातलं ग्लुटेन सोसत नसल्याचा जो सिलिअ‍ॅक नावाचा आजार आहे त्याची रक्ततपासणी मात्र रोज चपाती खात असतानाच करायची असते, गहू सोडून बरेच दिवस झाले की आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. म्हणजे टेस्ट आधी आणि पथ्य नंतर. तसंच एच पायलोरी या जंतूची श्वासाची किंवा शीची तपासणी असेल तर त्याआधी पॅन्टोप्राझोलसारख्या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या 2 आठवडे आणि अँटिबायोटिक 4 आठवडे बंद असावं लागतंय. पण गोळी आपल्या मनानं बंद करू नका, कुणाला रक्त पातळ करायची गोळी चालू असते त्याच्यासोबत ही पोटाची गोळी मुद्दाम दिलेली असते.

आता कुठं जायचं. निसर्गोपचार, आयुर्वेद आणि हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञांनी चालवलेले कार्यक्रम असे साधारण प्रकार आहेत. निसर्गोपचारात आपल्याला जवळचं जुनं नाव म्हणजे उरुळी कांचन, 1946 ला गांधीजींनी सुरू केलेला आश्रम, कोल्हापूरवरनं रेल्वेनं पुणं गाठायचं आणि पुढं सोलापूर लाईनवर उरुळी स्टेशन. आयुर्वेदवाल्यांकडं विरेचन असेल तर आधी काही दिवस रोज सकाळी नुसतं औषधी तूप वाढत्या मापानं प्यायला देतात, मग जुलाब, मग पेजेपासनं हळूहळू जेवणावर आणतात. म्हणजे दोन दिवसाची सुट्टी टाकून होणारं काम नाही. कुणी शनिवार-रविवारात पंचकर्म करून देतो म्हणाला तर तो मालिश करून पाठवणार.

फोनवर सरळ विचारायचं, लाजायचं नाही. डॉक्टरांची पदवी काय, एमडी की आयुर्वेदवाली बीएएमएस की निसर्गोपचारवाली बीएनवायएस? रात्री डॉक्टर तिथंच असतात का? कुणाला चक्कर आली तर कुठल्या हॉस्पिटलला नेता? आणि माझ्या चालू गोळ्यांचं काय करणार? मी पहिल्यांदा ज्या ठिकाणी गेलो (नाव सांगत नाही) तिथं पहिल्याच दिवशी सगळ्यांना "गोळ्या पिशवीत ठेवा" म्हणून सांगितलं, कोण शुगरचा कोण बीपीचा काही विचारलं नाही, माझ्या शेजारचे काका ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी घेणारे होते, ते घाबरून गुपचूप गोळी घ्यायचे आणि वर नुसत्या लिंबूपाण्यावर राहायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घामानं डबडबले, हात थरथरायला लागले. साखर पाजली तेव्हा शुद्धीवर आले. मी तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी पकडली. म्हणून शुगरवाल्यांनी उपासाच्या दिवसांत कुठली गोळी किती घ्यायची हे आपल्या डॉक्टरकडनं कागदावर लिहून घ्यायचं. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी असेल तर खास विचारा, उपाशीपोटी ती वेगळ्याच कारणानं धोक्याची ठरू शकते. गरोदर बायकांनी या भानगडीत पडूच नये.

पैशाचं म्हणाल तर मेडिक्लेम मिळेल असं धरून चालू नका. आयुष (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे) उपचार पॉलिसीत असतात, पण निसर्गोपचार केंद्र आणि स्पा बऱ्याच पॉलिसींत स्पष्ट वगळलेले असतात. आधी पॉलिसी काढून वाचा.

जायच्या आधी आठवडाभर चहा कमी करत आणा. दिवसाला सहा कप पिणाऱ्यानं एकदम सोडला की दुसऱ्या दिवशी डोकं असं ठणकतं की माणूस म्हणतो उपचारच बाधला, आणि तिथले लोक म्हणतात विष निघतंय. कॅफीन सुटलेलं असतंय फक्त. याच आठवड्यात शंभर पानी वही करा, काय खाल्लं, किती वाजता, त्रास कधी, शी कशी. शीसाठी ब्रिस्टल चार्ट मोबाईलवर बघून 1 ते 7 आकडा टाकायचा, 1 म्हणजे लेंड्या, 7 म्हणजे पाणी, 3-4 म्हणजे बरं चाललंय. बायको वही बघून पोट धरून हसली. पण दुसऱ्या वेळी ज्या चांगल्या ठिकाणी गेलो तिथल्या डॉक्टरांनी माझ्या फायलीआधी तीच वाचली.

तिथं गेल्यावर फार काही नाही, पोटावर मातीची पट्टी, सावकाश चावून जेवण, जेवणानंतर चालणं, पोटातनं श्वास. भूक लागते, झोप लागते. एनिमा रोज घ्यायची हौस नको.

खरा विषय आहारवाल्या मॅडमनी काढला. म्हणाल्या, तिखट जरा बाजूला ठेवा, कांदा-लसूण बघूया. आता आपल्या घरात कांदा-लसूण चटणीशिवाय आमटीपण होत नाही! पण कांदा, लसूण आणि गहू यांच्यात फ्रुक्टन असतं, ते आपल्याला पचत नाही, खाली मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं आणि गॅस होतो. कुणालाच पचत नाही, फक्त ज्यांचं आतडं नाजूक त्यांना दुखतं. मटकीत दुसरा एक तसलाच प्रकार, म्हशीच्या दुधात लॅक्टोज, पांढऱ्या रश्श्यात काजू. म्हणजे माझा रविवार सगळा बसला की यात. हे पथ्य मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातलं, आणि ते कायमचं नसतंय. 2 ते 6 आठवडे बंद, मग एकेक पदार्थ परत आणायचा, तीन दिवस थोडा थोडा वाढवत, वहीत लिहीत, दोन पदार्थ एकदम कधीच नाही. शिबिरात सात दिवसांत फक्त सुरुवात होते, बाकीचं घरी येऊन करायचं, म्हणून निघताना फॉलोअपचा नंबर आणि तारीख घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

एक युक्ती मिळाली ती लाखाची. फ्रुक्टन पाण्यात उतरतं, तेलात नाही. म्हणून तेलात लसूण लाल होईपर्यंत परतायचा आणि पाकळ्या सगळ्या काढून टाकायच्या, वास राहतो त्रास राहत नाही. रश्श्यात लसूण उकळून मग काढला तर उपयोग नाही, ते सगळं रश्श्यात उतरलेलं असतंय. कांद्याच्या जागी पातीचा फक्त हिरवा भाग. मटणाला स्वतःला काही दोष नाही, चपातीच्या जागी भाकरी किंवा भात.

माझ्या वहीत शेवटी निघालं असं, कांदा नको, मटकी अर्धी वाटी चालते, लसूण तेलातला चालतो, दूध रात्रीचं बंद पण दही चालतं, आणि मिरचीनं मला काहीच होत नाही. तुमचं वेगळं निघेल. मिसळीला गेलो की आता मटकी कमी, कांदा वेगळा, कट थोडाच आणि बटाट्याची भाजी जास्त सांगतो, मालक पहिल्यांदा माझ्याकडं बघून म्हणाला, "काय पाव्हणं, पुण्याचं काय?"