पाणबुड्या भुंगेऱ्यांच्या आढळाची नवी नोंद कशी करावी

एखाद्या प्रदेशात पाणबुड्या भुंगेऱ्याची जात प्रथमच सापडली असे म्हणण्यापूर्वी तो भुंगेरा डायटिस्किडी कुळातलाच आहे याची खात्री करावी, कारण हायड्रोफिलिडी कुळातील पाणभुंगेरे वरवर तसेच दिसतात. पाणबुडा भुंगेरा पोहताना मागचे दोन्ही पाय एकाच वेळी मारतो आणि हवा घेण्यासाठी शरीराचे मागचे टोक पाण्याबाहेर काढतो. हायड्रोफिलिडीतील भुंगेरा पाय आळीपाळीने हलवतो, डोक्याकडून वर येतो आणि त्याच्या स्पर्शिका टोकाला गदेसारख्या फुगीर असतात.

नमुने गोळा करताना काठालगतच्या पाणवनस्पतींतून बारीक छिद्रांची हातजाळी फिरवावी, कारण काही जाती जेमतेम 2 मिलिमीटरच्या असतात. आमिष लावलेला बाटलीचा सापळा वापरल्यास त्यात हवेची जागा राहिलीच पाहिजे, नाहीतर आत शिरलेले भुंगेरे गुदमरून मरतात. परवानगी आधीच घ्यावी आणि मोजकेच नमुने ठेवावेत. डायटिस्कस लॅटिसिमससारख्या जातीला युरोपीय संघात कायद्याचे संरक्षण आहे. रात्री दिव्यावर आलेला भुंगेरा कोणत्या पाणथळीतून उडाला हे कळत नसल्याने तसा उल्लेख नोंदीत अवश्य करावा.

माझ्या मते सर्वाधिक काळजी चिठ्ठीची घ्यावी. तिच्यावर ठिकाण, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, पकडण्याची पद्धत आणि गोळा करणाऱ्याचे नाव असावे, तसेच पाणी वाहते होते की साचलेले, सावलीत होते की उन्हात, हेही लिहावे. अक्षांश दशांश चिन्हानंतर चार अंकांपर्यंत दिल्यास जागा सुमारे 11 मीटरपर्यंत नेमकी ठरते. ही चिठ्ठी जागेवरच, पेन्सिलीने लिहून नमुन्याच्याच कुपीत टाकावी, कारण अल्कोहोलमध्ये शाई पुसली जाते आणि घरी आल्यावर आठवणीतून लिहिलेल्या ठिकाणावर कोणालाही विसंबता येत नाही.

जात ओळखण्यासाठी छायाचित्र बऱ्याचदा अपुरे पडते. अनेक वंशांत नराच्या जननेंद्रियाचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली पाहावाच लागतो. त्यानंतर जातीची जुनी, आता रद्द झालेली नावेही शोधून पूर्वीच्या नोंदी तपासाव्यात. जात नव्या प्रदेशात सापडली म्हणजे ती तेथे नुकतीच पसरली असे नव्हे. पूर्वी तेथील पाणथळी कोणी तपासल्याच नसतील, तर तसे स्पष्ट लिहावे आणि सर्वांत जवळच्या ज्ञात ठिकाणापासूनचे अंतरही द्यावे. शेवटी नमुना एखाद्या संग्रहालयात जमा करून त्याचा नोंदणी क्रमांक अहवालात नमूद करावा, म्हणजे ओळख पुन्हा तपासता येईल.