पेठेतला वाडा विकताय? या चुका टाळा

पुण्याच्या पेठांतला वाडा विकायचं ठरलं की पहिला फोन एजंटाला जातो. खरं तर तो बहिणीला, आत्याला, नाहीतर न्यू जर्सीतल्या चुलतभावाला जायला हवा. कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव, कुठल्याही पेठेत विचारा. गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून वाडा विकायचा राहिला, असं क्वचितच ऐकू येतं. व्यवहार अडतो तो सह्यांवर, भाडेपावत्यांवर, नाहीतर नकाशावरच्या एखाद्या रेषेवर. मुरलेलं गिऱ्हाईक हे जाणून असतं. पहिल्या भेटीत ते खांबांवरचं कोरीव काम बघत नाही, प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे मिळकतीचा सरकारी नोंदीतला उतारा, मागतं.

चूक : कार्डावर तीन नावं, म्हणजे मालक तीन

आजोबा गेल्यावर कार्डावर तीन मुलग्यांची नावं लागलेली असतात. आत्यांची लागत नाहीत, कारण त्या वेळी ती लावायला कुणी गेलंच नाही. लग्न झालं तेव्हाच त्यांचा हक्क संपला, असं घरात धरून चालतात. तो संपलेला नसतो. आजोबा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मृत्युपत्र न करता गेले असतील, तर मुली तेव्हापासूनच वारस आहेत. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हिस्सा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, पुढे २००५ मध्ये केंद्राने केली. त्यासाठी वडील २००५ मध्ये हयात असायला हवेत ही अटही नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. आत्या हयात नसतील तर त्यांची मुलं येतात. कार्डावर नाव नाही म्हणून हक्क नाही, असं होत नाही, आणि खरेदीदाराचा वकील नेमकी तीच जागा शोधत असतो.

म्हणून आधी वंशावळ काढा. ज्याच्या नावावर वाडा निर्विवाद होता त्या माणसापासून सुरू करा आणि सगळ्यांना मांडा. निपुत्रिक गेलेले काका, परगावी दिलेल्या आत्या, सगळे. मग प्रत्येकाची एकतर खरेदीखतावर सही, नाहीतर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र. "आम्हाला काही नको रे" हे दिवाळीत म्हटलेलं वाक्य दुय्यम निबंधकाकडे चालत नाही. आणि हे सगळं भाव फुटायच्या आत करा. आकडा कानावर गेल्यावर विचारलेली सही आणि आधी विचारलेली सही यांत फार फरक पडतो. आत्याला साडीचोळी देऊन सही घ्यायचे दिवस गेले, आणि गेले ते बरंच झालं.

वहिवाट आणि वाटणी यांतही गल्लत होते. "माडीवरचे चार खण थोरल्या काकांचे, खालची ओसरी आणि माजघर आपलं" ही वहिवाट झाली. लेखी वाटणी नसेल तर कुणीही आपापले खण वेगळे विकू शकत नाही. विकता येतो तो अविभक्त हिस्सा. एकत्र वारसाने आलेल्या मिळकतीत असा हिस्सा आधी घेण्याचा हक्क बरोबरीच्या वारसांना असतो. बाहेरच्याने तो घेतलाच, तर राहत्या कुटुंबाच्या घरात त्याला सामाईक ताबा मागता येत नाही. त्याला वाटपाचा दावा लावावा लागतो, आणि त्या दाव्यात घरचे लोक त्याचा हिस्सा विकत मागू शकतात. थोडक्यात, असा खरेदीदार घर घेत नाही, दावा घेतो. भावही त्याच हिशेबाने देतो.

एकच वारस सही देत नाही. मग?

कोर्टात जायच्या आधी तिला किंवा त्याला काय हवं आहे ते नीट ऐका. पुष्कळदा गाडी पैशांवर अडलेली नसते. आईच्या आजारपणात कुणी केलं, घरचे देव कुणाकडे जाणार, दुकानाचं भाडं इतकी वर्षं कुणी खाल्लं, असलं काहीतरी असतं. भाड्याचा जमाखर्च मांडून दाखवला की निम्म्या सह्या होतात. तरी नाहीच जमलं, तर त्रयस्थ मूल्यांकन करून घ्या आणि मध्यस्थीची वाट धरा. माझं स्पष्ट मत आहे की त्या एका वारसाला चार पैसे जास्त देऊन मोकळं व्हावं. वाटपाचा दावा दिवाणी कोर्टात किती चालतो, हे पेठेत कुणाला सांगायला नको.

परदेशातल्या वारसांसाठी कुलमुखत्यारपत्र लागतं. तिकडे साध्या कागदावर सही करून कुरियरने पाठवलं, असं चालत नाही. ते भारतीय वकिलातीत साक्षांकित किंवा अपोस्टिल (तिथल्या सरकारचा खरेपणाचा शिक्का) केलेलं हवं, आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. ही मुदत हुकवणारे फार आहेत. आणखी एक: मुखत्यारपत्र म्हणजे विक्री नव्हे. "मुखत्यारपत्र आणि करार करून टाकू, खरेदीखताचं नंतर बघू" असं कुणी सुचवलं तर तिथेच थांबा. अशा कागदांनी मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलं आहे.

जुनी कागदपत्रं मोडीत असतील तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेतच आहे. मोडी वाचणारी माणसं शोधायची तर तिथे चौकशी करा. शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या गहाणखताची फेड झाल्याचा कागद त्याच गाठोड्यात निघतो. नदीकाठच्या पेठांत १९६१ च्या पानशेतच्या पुरात दप्तरं वाहून गेली, तिथे नोंदणी कार्यालयातल्या सूचीवरून नकला मिळवाव्या लागतात. त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी.

चूक : भाडेकरूंकडे काणाडोळा

महिना चाळीस-पन्नास रुपयांत राहणारे भाडेकरू हे पेठेतल्या वाड्याचं सगळ्यात मोठं ओझं, असं मालक म्हणतात. ओझं असेलही, पण कायदा त्यांच्या बाजूने आहे आणि वाडा विकल्याने ते जात नाहीत. नवा मालक त्यांचा घरमालक होतो, एवढंच. ३१ मार्च २००० पासून लागू असलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा त्यांना संरक्षण देतो. मूळ भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरच्या माणसालाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे विसारपावतीत "रिकामा ताबा अमुक तारखेला" असं लिहून मोकळं होणं. एजंट सांगतो, "लिहा हो, बघू पुढे." पुढे काहीच होत नाही, तारीख उलटते आणि विसार परत करायची वेळ तुमच्यावर येते. भाडेकरूसकट विकायचं की एकेकाशी हिशेब करून जागा सोडवून घ्यायच्या, की विकसकाने त्यांना नव्या इमारतीत जागा द्यायची, हे आधी ठरवा आणि करारात तेच लिहा. भाडेकरूंची यादी करा: नाव, किती खण, कधीपासून, शेवटची पावती कोणत्या महिन्याची, पोटभाडेकरू आहे का. भाडं घ्यायचं बंद केलं असेल तर पुन्हा घ्यायला लागा. पावती फाडली नाही म्हणून भाडेकरूपण संपत नाही, पण तुमचा हिशेब मात्र विस्कटतो.

वाडा आपोआप पडू द्यायचा, म्हणजे भाडेकरू सुटले, हा समज पेठांत फार मुरलेला आहे. तो चुकीचा आहे. बांधकाम पडलं तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटलं आहे. शिवाय पावसाळ्यात पडलेल्या भिंतीखाली कुणी सापडलं तर प्रकरण दिवाणी राहत नाही. पाणी किंवा वीज तोडणं हा तर भाडे नियंत्रण कायद्याखाली गुन्हाच. महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली असेल, तर वाडा उतरवण्याआधी प्रत्येक भाडेकरूच्या जागेचं मोजमाप होऊन त्याची नोंद झाली पाहिजे, हे स्वतः पाहा. नंतर खणाखणावरून भांडणं होतात ती यामुळेच.

एक गोष्ट मात्र मालकांच्या ध्यानात येत नाही. तळमजल्यावर बँक असेल, किंवा एक कोटी व त्याहून अधिक भरणा भांडवलाची कंपनी असेल, तर तिला हे संरक्षण नाही. जुन्याच भाड्यावर बसलेल्या बँकेकडे भाडेकरू म्हणून हात जोडून बघत बसायचं कारण नाही.

चूक : नकाशा न बघता भाव सांगणं

शेजारच्या गल्लीत अमुक दराने वाडा गेला, म्हणून आपलाही जाईल, हे धरून चालू नका. तीन गोष्टींनी दर पार बदलतो.

पहिली, शनिवारवाडा. तो केंद्राच्या संरक्षित स्मारकांत आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम होत नाही. डागडुजीलाही परवानगी लागते. त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, तिथे परवानगीने बांधता येतं. अंतर दिल्ली दरवाज्यापासून पावलं टाकून काढायचं नसतं, संरक्षित हद्दीपासून मोजायचं असतं. तुमचा वाडा १०० मीटरच्या आत असेल तर पुनर्विकास करणारा बिल्डर हे तुमचं गिऱ्हाईकच नव्हे. वाडा वाडा म्हणून वापरणारा माणूस शोधा: कार्यालय, कलादालन, खाणावळ, अभ्यासिका.

दुसरी, वारसा (हेरिटेज) वास्तूंची यादी. यादीत नाव आहे म्हणजे विकता येत नाही, ही अफवा आहे. विक्रीला बंदी नाही. बदल करायला, पाडायला वारसा समितीची मान्यता लागते, आणि श्रेणी एक, दोन, तीन यांप्रमाणे मोकळीक कमी-जास्त होते. वापरता न येणाऱ्या बांधकाम हक्कापोटी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकाम हक्क, मिळण्याची तरतूदही विकास नियमावलीत आहे. ते न तपासता वाडा विकणं म्हणजे तो हक्क फुकट देऊन टाकणं. यादीतला वाडा आहे हे लपवणं तर निव्वळ वेडेपणा. यादी जाहीर असते.

तिसरी, रस्तारुंदी. विकास आराखड्यात समोरच्या बोळाची रेषा किती आत आली आहे, ते अभिन्यासावर पाहा. लांबट, चिंचोळ्या जागेत पुढून रस्ता आणि बाजूने मोकळी जागा सोडली की उरतं ते बांधण्याजोगं राहत नाही. अशा वेळी शेजारच्या वाड्याबरोबर एकत्र विकणं दोघांच्याही फायद्याचं. त्यासाठी शेजाऱ्याशी बोलावं लागतं, ही अडचण आहे खरी. सामाईक भिंत असेल तर ते तसंही टळत नाही.

क्षेत्रफळाची मोजणी आधी करून घ्या. कार्डावरचं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र जुळत नसेल तर खरेदीखताच्या आदल्या आठवड्यात ते कळणं फार वाईट.

चूक : विकण्याआधी सिमेंटचा गिलावा आणि ऑईलपेंट

घर दाखवायचं म्हणून भिंतींना सिमेंटचा गिलावा मारतात. वाड्याच्या भिंती दगडी जोत्यावर विटा, माती आणि चुन्याच्या. त्या ओल शोषतात आणि सोडतात. वर सिमेंटचं कवच चढलं की ओल आत कोंडते, दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात, आणि भिंतीत घुसलेली तुळईची टोकं आतल्या आत कुजतात. जाणकार खरेदीदार नवा गिलावा बघून उलट संशय घेतो. तीच गोष्ट सागवानी खांबांवरच्या ऑईलपेंटची. तो काढण्याचा खर्च तो तुमच्या भावातून वजा करतो. छपराची गळती थांबवा, पन्हळी साफ करा, चौक झाडा. बाकी पैसा आर्किटेक्टकडून मोजमापाचे नकाशे करून घेण्यात घाला.

"पेशवेकालीन" हा शब्द पुराव्याशिवाय वापरू नका. पेठांतले पुष्कळ वाडे इंग्रजी अमदानीत बांधलेले किंवा जळाल्यावर पुन्हा उभारलेले आहेत. बिडाचे कठडे आणि रंगीत काचा ते सांगतात. त्यात कमीपणा काही नाही. खोटं वय सांगून ते उघडं पडलं, की तुमच्या बाकीच्या कागदांवरचाही विश्वास उडतो.

खरोखरच मोठा इतिहास असेल तर वेगळी शक्यता लक्षात ठेवा. १८४८ मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली तो बुधवार पेठेतला भिडे वाडा राष्ट्रीय स्मारकासाठी संपादनात गेला, वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत चालला, आणि २०२३ च्या डिसेंबरात महापालिकेने तो ताब्यात घेऊन उतरवला. अशा ठिकाणी भाव घासाघीस करून ठरत नाही.

कर

विक्रीतल्या नफ्यावरचा कर काढताना २००१ पूर्वी मिळालेल्या वाड्याची मूळ किंमत १ एप्रिल २००१ ची धरता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल लागतो आणि तो वाडा उभा असतानाच घ्यावा. रहिवासी व्यक्तीला १२.५ टक्के सरळ किंवा २० टक्के महागाई निर्देशांकासह, जो कर कमी पडेल तो भरता येतो. परदेशस्थ वारसाला ही निवड नाही. त्याच्या वाट्यावर करकपातही (टीडीएस) मोठी होते, म्हणून त्याने कमी कपातीचा दाखला व्यवहाराआधीच काढावा. एकूण किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर प्रत्येक रहिवासी वारसाचा हिस्सा लहान असला तरी खरेदीदार एक टक्का कापणारच. रोखीचा भाग आणि कागदावरचा भाग वेगळा ठेवायची सूचना आली, तर रेडी रेकनरखाली, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दराखाली, दाखवलेली रक्कम आयकर खात्यात टिकत नाही हे आठवा.

लाकूड कुणाचं?

हा प्रश्न करारात नसतो आणि शेवटच्या आठवड्यात भांडण होतं. तुळया, खांब, दिंडी दरवाजा, गणेशपट्टी, चौकातल्या फरशा यांतलं काय विकलं आणि काय तुम्ही नेणार, याची फोटोंसह यादी कराराला जोडा. जुन्या सागाला चांगला भाव येतो. वाडा उतरवणारा ठेकेदार तो धरूनच आकडा देत असतो. शंभर वर्षांवरची कोरीव चौकट, मूर्ती, पितळी समई परदेशातल्या भावाला पाठवण्याचा बेत असेल तर तो सोडा. पुरावस्तूंची निर्यात १९७२ च्या कायद्याने बंद आहे, आणि हस्तलिखित पोथ्यांना तर पंच्याहत्तर वर्षं पुरतात.

बळदात, म्हणजे भिंतीतल्या कोठारात, मोहरांचा हंडा आहे, हे प्रत्येक वाड्यात कुणीतरी सांगतंच. सापडलाच, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या गुप्तधनाची वर्दी जिल्हाधिकाऱ्याला द्यावी लागते. करारात त्याबद्दल कलम घाला म्हणून आग्रह धरणारे मालकही असतात. घालू द्या; त्याआधी वीजमीटर, पाण्याचं कनेक्शन आणि मिळकतकराची थकबाकी यांचं कलम तेवढं बघा.