शेड्यूल मध्येच बदलले तरी माल वेळेवर निघावा म्हणून

वाहन कंपनीचे शेड्यूल, म्हणजे कोणता पार्ट कधी किती हवा याचे वेळापत्रक, आठवड्याच्या मधोमध बदलते आणि पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या अनेक मशीन शॉपमध्ये तयार माल आणखी भरून ठेवला जातो. पैसा अडकतो, हवा तो पार्ट मात्र नेमका नसतोच. आधी सेटिंगचा, म्हणजे मशीन एका पार्टवरून दुसऱ्यावर बदलण्याचा, वेळ कमी करा, साठ्याचे नंतर.

समजा एका सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) चार पार्ट चालतात आणि प्रत्येक सेटिंगला 90 मिनिटे लागतात. चारही रोज काढायचे तर 6 तास सेटिंगमध्येच जातात. म्हणून एकेक पार्ट आठवडाभर चालतो आणि चौथ्याची पाळी महिनाअखेरीस येते. सेटिंग 30 मिनिटांवर आली की रोजचे 2 तास पुरतात.

आधीच्या जॉबचा शेवटचा नग निघाल्यापासून नव्या जॉबचा फर्स्ट पीस (पहिला नग) तपासणीत पास होईपर्यंत व्हिडिओ काढा. जॉ (पार्ट पकडणारे जबडे), ॲलन की, मापाचे गेज, ड्रॉइंग यांच्यासाठी सेटर किती वेळा मशीन सोडतो ते मोजा. हे सगळे आधीचा जॉब चालू असतानाच ट्रॉलीवर मांडलेले हवे. टूलची लांबी मशीनबाहेरच प्रीसेटर या मोजणीच्या साधनावर घ्या. सॉफ्ट जॉ (पार्टच्या मापाने कापून घेतलेले मऊ जबडे) प्रत्येक पार्टचे वेगळे ठेवा, त्यांवर नंबर घाला. रनआउटची (फिरताना पार्ट किती डगमगतो त्याची) मर्यादा कडक असेल तर जॉ बसवल्यावर त्यांवर हलका कट पुन्हा मारावा लागतो. तपासनिसाची वाट पाहण्यात बराच वेळ जातो, त्याला आधीच कळवा. जपानी उत्पादन-तज्ज्ञ शिगेओ शिंगो यांनी 1969 मध्ये टोयोटात 1000 टनी प्रेसची चार तासांची डाय-बदल (साचा बदलणे) 3 मिनिटांवर आणली, ती मशीन बंद ठेवून करायची आणि चालू असताना करायची कामे आधी वेगळी करून आणि मग बंद ठेवून करायची कामेही शक्य तितकी मशीन चालू असतानाच उरकून.

मग साठा आवरण्यासाठी प्रत्येक पार्टचे किती बिन (माल ठेवायचे ठरावीक नगांचे डबे) फिरवायचे ते ठरवा: रोजची मागणी × बिन भरून परत येण्याचे दिवस × 1.2 ÷ बिनमधले नग. 480 × 2 × 1.2 ÷ 60 = 19.2, म्हणजे 20 बिन.

चूक होते ती दिवस धरण्यात. बाहेरून पार्ट तापवून कडक करून देणारा हीट ट्रीटमेंटवाला भट्टी भरेपर्यंत माल थांबवतो, 2 चे 3 दिवस होतात, 29 बिन लागतात आणि लाइन थांबते. मागच्या दहा चलनांवरच्या (माल पाठवल्या-आल्याच्या पावत्यांवरच्या) तारखा पाहा आणि सरासरी न धरता सर्वात जास्त लागलेले दिवस धरा. वरचे 20 टक्के मागणीतल्या चढउतारासाठी राहू द्यात.

सुपरवायझरचे काम पाळीत किती नग निघाले यावर मोजू नका. तसे केले तर तो सेटिंग टाळणारच आणि वाचलेला वेळ पुन्हा मोठ्या बॅचमध्ये जाईल. कोणता पार्ट ठरल्या दिवशी पूर्ण संख्येने गेला, हे पार्टनिहाय रोज फळ्यावर लिहा.