इंदूरकरांनो, कॉलनीचं काम नगर निगमाकडून (म्हणजे महापालिकेकडून) कसं करून घ्यायचं

सुदामा नगर असो, लोकमान्य नगर असो की रामबाग, गणपतीत चार मराठी घरं एकत्र आली की बोलणं बगीच्याच्या तुटलेल्या बेंचवर येतंच आणि मग सगळे विचारतात की सांगायचं कोणाला. आमच्या गल्लीचे अर्ज बरीच वर्षं मीच लिहितोय, त्यातून जे कळलं ते इथे टाकतो.

पहिले हे बघा की पैसा येतो कुठून. आपला संपत्ती कर, नळाचं बिल, कचऱ्याचं शुल्क, शिवाय राज्याकडून चुंगी क्षतिपूर्ती म्हणजे चुंगी नाकी बंद केली त्याची भरपाई, आणि वित्त आयोगाचं अनुदान. मोठ्या कामाला निगम बाजारातून पण पैसे उचलतं, २०२३ मधे जलूदच्या (नर्मदेकाठी जिथून आपलं पाणी उपसतात ते गाव) ६० मेगावॉट सोलर प्लांटसाठी २४४ कोटींचे ग्रीन बाँड काढले होते, कारण नर्मदेचं पाणी तिथून सत्तरेक किलोमीटर लांब आणि उंचावर आणायचं तर विजेचं बिल भयंकर येतं. म्हणून कर वेळेवर भरा हे मी अगदी मनापासून सांगतो. जुनी थकबाकी असेल तर नॅशनल लोक अदालतीची वाट बघा, तिथे सरचार्जमधे सूट मिळते, मूळ रक्कम मात्र भरावीच लागते.

आता काम कोणतं आहे ते ठरवा, कारण इथेच लोकांची गडबड होते. खांबावरचा लाइट बंद, चेंबर भरून वाहतंय, कचरा गाडी आली नाही, ह्याला निधी बिधी लागत नाही, ही रोजची सर्व्हिस आहे, निगमाच्या ३११ ॲपवर फोटो टाका आणि तक्रार नंबर जपून ठेवा. तिथे नाही सुटलं तर १८१ वर सीएम हेल्पलाइन आहे. पण नवीन बेंच, पेव्हर ब्लॉक, बगीच्यात झुले असं काही पाहिजे असेल तर ते पार्षद निधीतून होतं, म्हणजे आपल्या वॉर्डाच्या पार्षदाकडे जायचं (महाराष्ट्रातले नातेवाईक नगरसेवक म्हणतात तेच). शहरात ८५ वॉर्ड आहेत, आपला नंबर कोणता हे आधी पक्कं करा, कारण रस्त्याच्या ह्या बाजूचा वॉर्ड वेगळा आणि त्या बाजूचा वेगळा असं पण असतं.

अर्ज हिंदीतच लिहा, एका पानाचा, आणि एका अर्जात एकच काम. "बगीचे का विकास किया जाए" असं लिहिलं तर त्याचं कोणी काहीच करू शकत नाही, कारण उपयंत्रीला (निगमाच्या ज्युनिअर इंजिनिअरला) त्यावरून एस्टिमेट बनवायचं असतं. किती बेंच, कुठे, पेव्हरची जागा किती फूट लांब किती रुंद, हे स्वतः टेप घेऊन मोजा आणि दोन फोटो जोडा. खाली पंधरा-वीस घरांच्या सह्या, प्रत्येकीसमोर घर नंबर. दोन प्रती काढा, एक पार्षदाला आणि एक झोन ऑफिसला, आणि आपल्याकडच्या कॉपीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका, पुढे सगळं त्या शिक्क्यावरच्या तारखेवर चालतं. एस्टिमेट, मग मंजुरी, मग टेंडर, मग वर्क ऑर्डर असा रस्ता आहे, महिने लागतात. नवं बजेट एप्रिलपासून लागतं म्हणून डिसेंबर-जानेवारीतच अर्ज द्या, मार्चमधे जाऊन काही उपयोग नाही. खूप दिवस काही कळलंच नाही तर १० रुपये भरून आरटीआय लावा, फाइल कोणत्या टेबलावर आहे एवढंच विचारा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

घरातल्या माणसांसाठी पण बरंच काही आहे, फक्त आपल्याकडे कोणी विचारत नाही. गरजू म्हाताऱ्या माणसांना आणि विधवा बायकांना महिन्याला ६०० रुपये पेन्शन मिळते, रक्कम छोटी आहे पण एकट्या बाईच्या औषधाला तेवढाच आधार. रेहडीवाल्यांना (हातगाडीवाल्यांना) पीएम स्वनिधीचं लोन आहे, पहिल्या वेळी १५ हजारांपर्यंत मिळतं. आणि दीनदयाल रसोईत ५ रुपयांत जेवण मिळतं, बाहेरगावहून पेशंट घेऊन आलेल्या लोकांना हे नक्की सांगत जा.

पेन्शनसाठी समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारकडचा आपल्या नोंदणीचा नंबर, लागतो, आणि आपली मराठी माणसं नेमकी इथेच अडकतात. आपण आधारवर नवऱ्याचं नाव मधे लावतो, समग्रवर ते नसतं, वरून हिंदीत ळ नाही म्हणून काळेचं काले होतं. आमच्या शेजारच्या काकूंचा अर्ज एवढ्याच कारणाने परत आला, नाव दुरुस्त करून ई-केवायसी केली तेव्हा पुढे सरकला. म्हणून आधी समग्र, आधार आणि बँकेचं पासबुक तिन्ही शेजारी ठेवून एक-एक अक्षर जुळवा, मगच फॉर्म भरा.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करा, फुकट होते, नंतर लेट फी आणि वर्षभर उलटलं तर फारच धावपळ.

आणि जी सर्व्हिस लोकसेवा गॅरंटी कायद्यात येते ती शक्यतो लोकसेवा केंद्रातून मागा. हा कायदा देशात पहिल्यांदा आपल्या मध्य प्रदेशनेच २०१० मधे केला, पावतीवर काम कधीपर्यंत होणार ती तारीख छापून येते, ती टळली तर अपील करता येतं आणि जबाबदार अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपयांपर्यंत दंड बसू शकतो. पावतीचा फोटो मोबाइलमधे काढून ठेवा, उन्हाळ्यात त्या कागदावरची शाई महिन्याभरात उडते.