फोटो किती वाजता काढला?

माझ्या पगारातून दर महिन्याला एक हप्ता कापला जातो. अजून सात राहिलेत. मी साताऱ्यात एका पतसंस्थेत क्लार्क आहे, त्यामुळे कर्ज आमच्याच संस्थेचं आणि व्हाउचरही मीच फाडतो. ज्या लेन्ससाठी ते काढलं, तिची मला गरजच नव्हती. नवीन पोरं "दादा, बर्डिंगला, पक्ष्यांच्या फोटोंना, कुठली लेन्स घेऊ?" म्हणून विचारतात तेव्हा मला आधी हा हप्ता आठवतो.

अॅपर्चर, शटर, आयएसओ तुम्हाला येतं असं धरून चालतो. येत नसेल तर आधी महिनाभर घरामागच्या चिमण्या-बुलबुल काढा, आपोआप येईल. क्लास लावू नका.

माझी सुरुवात निकॉनचा सेकंडहँड डी७२०० कॅमेरा आणि १५०-६०० एमएमच्या लेन्सनं झाली. पहिल्याच हिवाळ्यात येरळवाडीच्या तलावावर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आलेत असं कळलं. रविवारी साडेआठला, पोहे खाऊन, गाडीला किक मारली. वडूजमार्गे तलावावर पोचेपर्यंत साडेदहा. काठ रिकामा, समोर पाण्यात लांबवर दीड-दोनशे रोहित. बारापर्यंत सातशे फोटो मारले. घरी येऊन कॉम्प्युटरवर मोठे केले तर एकाही पक्ष्याला धड डोळा नाही. पाय वाकडेतिकडे, पिसांच्या कडा पिंजलेल्या कापसासारख्या.

वाटलं, हात हलला. पुढच्या रविवारी शटर १/३२०० ला नेलं. तेच. ट्रायपॉड नेला, स्टॅबिलायझेशन (हाताचा हलका थरकाप सावरणारी लेन्समधली सोय) बंद केलं. तेच. मग खात्री पटली की लेन्स सॉफ्ट आहे, म्हणजे मुळातच धूसर फोटो देते. पुण्याला सर्व्हिस सेंटरला टाकली, दहा दिवसांनी "दोष आढळला नाही" असा कागद लावून परत आली. मला वाटलं, ह्यांनी खोका उघडलाच नसणार. मग रात्री घरातल्या भिंतीला पेपर चिकटवला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकावरून फोटो काढला. छोट्या जाहिरातींतलं "वधू पाहिजे" लख्ख वाचता येत होतं, खालचा मोबाइल नंबरसुद्धा. उत्तर तिथंच भिंतीवर होतं. मी मात्र त्यातून काय काढलं, तर ही लेन्स जवळ शार्प आहे, लांब सॉफ्ट आहे! माणसाला खरेदी करायचीच असली की पुरावा कसाही वाकवता येतो.

लेन्स कराडच्या एका पोराला पंचवीस हजारांच्या तोट्यात विकली. पगारतारण कर्ज काढून निकॉनची नवी २००-५०० आणली. सव्वादोन किलोच्या वर वजन, हातात घेतली की आपण कोणीतरी झाल्यासारखं वाटतं. तीच येरळवाडी, तोच रविवार, तेच साडेदहा. आणि फोटोही तेच.

आमच्याकडे एक स्टुडिओवाले काका आहेत. रिळाच्या जमान्यापासून पक्षी काढतात. रडवेला होऊन त्यांच्या काउंटरवर लॅपटॉप ठेवला.

"काका, नवी लेन्स पण सॉफ्ट निघाली का हो?"

त्यांनी फोटोकडे नीट बघितलंही नाही. "किती वाजता काढलास?"

"साडेअकरा असतील."

"मग लेन्सला कशाला शिव्या देतोस? उन्हाला दे."

आता हे जरा सविस्तर सांगतो, कंटाळा आला तरी वाचा. ऊन चढलं की जमीन तापते आणि तिच्यालगतची हवा गरम होऊन वर सरकायला लागते. गरम हवा विरळ, गार हवा दाट. दोन्हींतून जाताना प्रकाश वेगवेगळा वाकतो. तुम्ही आणि पक्षी यांच्यामध्ये अशा हवेचे शेकडो झोत हलत असतात. मे महिन्यात हायवेवर लांबचा ट्रक पाण्यातून आल्यासारखा थरथरताना दिसतो, तोच हा प्रकार. साध्या डोळ्यांना तो ट्रकपुरता दिसतो. पण डी७२०० च्या छोट्या सेन्सरवर ५०० ची लेन्स म्हणजे ७५० सारखी दृष्टी, तिथं तीच थरथर कित्येक पटींनी मोठी होऊन येते.

यावर शटर स्पीडचा उपाय नाही. १/४००० ला तुम्ही फक्त ती वाकडी प्रतिमा स्थिर पकडता. ट्रायपॉडचा उपयोग नाही, कारण कॅमेरा हलतच नसतो. महागडी लेन्स तर नाहीच नाही, लेन्स हवेच्या अलीकडे असते. सॉफ्टवेअरमध्ये शार्पनेस ओढलात तर पिसांच्या जागी गांडुळं दिसतात, करून बघा. ऑटोफोकसही गंडतो. शंभर फोटोंतले दोन-तीन बरे येतात आणि त्या दोन-तीनमुळेच आपल्याला वाटत राहतं की दोष आपल्या हाताचा आहे.

ओळखायचं कसं? कॅमेरा टेकवून लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावरचं थेट चित्र, लावा आणि पक्ष्यावर पूर्ण झूम करून दहा सेकंद नुसतं बघा. गॅसवर ठेवलेल्या पातेल्याचा तळ जसा हलतो तसे रोहितचे पाय हलताना दिसले, की कॅमेरा बंद करायचा आणि सावलीत बसून डबा खायचा. मी हे आधी केलं असतं तर सव्वीस महिन्यांचे हप्ते वाचले असते.

आणि सकाळी गेलं की सुटलो, असंही नाही. थंडीत पहाटे तळ्याचं पाणी वरच्या हवेपेक्षा कोमट असतं, तेव्हाही पाण्यालगत थरथर असते. थोडी कमी, पण असते. चारचाकीतून काढत असाल तर काच उघडी आणि एसी बंद हवा, नाहीतर आतल्या-बाहेरच्या हवेची घुसळण बरोबर लेन्ससमोर होते. तापलेल्या बॉनेटवरून तर काढूच नका. त्यापेक्षा उजाडायच्या आत पोचा, ढगाळ दिवस वाया गेला म्हणू नका, आणि मुख्य म्हणजे अंतर कमी करा. मधली हवा जितकी कमी, तितका फोटो स्वच्छ.

अंतर कमी करणं ही खरी विद्या, आणि ती दुकानात मिळत नाही. हे मला चाळकेवाडीच्या सरड्यांनी शिकवलं. ठोसेघरच्या पुढं पवनचक्क्यांचं पठार आहे, तिथं उन्हाळ्यात नर सरडे दगडावर उभे राहून गळ्याचा निळा-काळा-केशरी पंखा उघडझाप करतात. २०१६ साली शास्त्रज्ञांनी या सरड्याला स्वतंत्र जात म्हणून नोंदवलं आणि त्याच्या वंशाचं (जीनसचं) शास्त्रीय नाव आपल्या मराठी "सरडा" वरूनच ठेवलं, सारडा सुपर्बा. याच पठारावरचा एक अभ्यास २०१८ मध्ये आला. पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी कमी फिरकतात, त्यामुळे तिथं सरडे जास्त आणि कमी बुजरे आहेत, असं त्यात दिसलं.

आता पंचाईत अशी, की हा गडी पंखा उघडतो तो ऊन तापल्यावरच, म्हणजे सगळ्यात वाईट हवेत. पन्नास फुटांवरून काढलात तर पुन्हा कापूस. मी पोटावर झोपून, कोपरांवर सरकत दहा-बारा फुटांवर गेलो. वीस मिनिटं लागली, शर्टाची बटणं गेली. तो आधी दगडामागं गेला, मग वर आला, मान तिरकी करून माझ्याकडं बघितलं आणि पंखा उघडला. त्या फोटोत गळ्यावरचा खवला न् खवला मोजता येतो. तसा फोटो कराडच्या पोराला विकलेल्या लेन्सनंही आला असता.

बाकीच्या गिअरबद्दल थोडक्यात. बजेट कमी असेल तर जुनी बॉडी आणि ७०-३०० किंवा ५५-२५० यांत वर्षभर मजेत निघतं. सागरेश्वरला सांबर-चितळांना तेवढी पुरते. चांदोलीच्या वाघासाठी लेन्स घेऊ नका. तिथलं रान दाट, उजेड कमी, आणि वाघ तुमच्या हप्त्यांच्या तारखा बघून बाहेर येत नाही. ट्रायपॉडऐवजी जुन्या जीन्सचा पाय शिवून त्यात दोन-तीन किलो शाळू भरा. बांधावर, गाडीच्या काचेवर, जमिनीवर, कुठंही टेकवता येतं. पावसाळ्यात मात्र लेन्स बॅगेत ठेवू नका, आपल्याकडं बुरशी लागायला एक जुलै पुरतो. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रतेचा छोटा काटा, तो ४०-५० टक्क्यांत ठेवायचा. झालं.

गुरू करताना जपून. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला झुडपातून बाहेर काढणारा, घरट्यापुढची फांदी तोडून "क्लिअर व्ह्यू" देणारा माणूस दोन दिवसांचे पाच हजार घेतो आणि फोटोही मिळवून देतो, हे खरं आहे. तरी जाऊ नका. विणीच्या काळात तो आवाज ऐकून नर पिल्लांचं चारापाणी सोडून भांडायला येतो, त्याला काय ठाऊक स्पीकर आहे म्हणून. आमच्या काकांनी मला फुकटात एकच प्रश्न विचारला आणि मी तो अजून प्रत्येकाला विचारतो.

पहिले सहा महिने फोटो वाईटच येतील. माझे दीड वर्ष आले, तुमचे लवकर सुधारतील.

कराडचा तो पोरगा अंधारात निघतो. साडेसात-आठला माझ्या व्हॉट्सअॅपवर त्याचा दिवसातला पहिला फोटो येतो, डोळ्यात सूर्याचा ठिपका असलेला. परवा शेकाट्याचा, त्या लांब पायांच्या पाणपक्ष्याचा, आला, गुलाबी पायांवरची कातडीची घडीसुद्धा दिसत होती. खाली लिहिलं होतं, "दादा, एवढी शार्प लेन्स तुम्ही विकली का?" मी अंगठ्याची इमोजी टाकून गप्प बसलो.