समांतर प्रोग्राममध्ये फाइलचे सामूहिक वाचन कसे करावे

अरबी समुद्राच्या पृष्ठतापमानाची ४००० × ४००० बिंदूंची जाळी एका बायनरी फाइलमध्ये ओळीने साठवलेली आहे आणि ताळगावच्या गोवा विद्यापीठातील किंवा दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील एखाद्या अभ्यासकाला ती १६ प्रोसेसमध्ये (म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रामच्या प्रतींमध्ये) ४ × ४ अशा चौकोनी तुकड्यांत वाटायची आहे, असे समजू. प्रत्येक मूल्य ८ बाइटचे धरल्यास फाइल जेमतेम १२८ मेगाबाइटची होते. पण प्रत्येक प्रोसेसचा तुकडा फाइलमध्ये सलग नसून ८००० बाइटच्या १००० पट्ट्यांत विखुरलेला असतो. प्रत्येकीने आपापल्या पट्ट्या स्वतंत्रपणे मागितल्या, तर साठवण यंत्रणेवर १६,००० लहान मागण्या आदळतात. वेळ खातात त्या या मागण्या. फाइलच्या आकाराचा त्यात फारसा दोष नसतो.

एमपीआय हे प्रोसेसमधील देवाणघेवाणीचे मानक आहे. त्याच्या १९९७ च्या एमपीआय-२ आवृत्तीत आलेले सामूहिक वाचन नेमके इथे उपयोगी पडते. सर्व प्रोसेसना काय हवे आहे हे लायब्ररीला एकाच वेळी कळते. त्यामुळे काही निवडक प्रोसेस फाइलचे मोठे सलग भाग वाचतात आणि मग नेटवर्कवरून ज्याचा त्याला वाटा पोहोचवतात.

प्रथम एमपीआय_फाइल_ओपन सर्व प्रोसेसनी मिळून बोलवावे. त्यानंतर एमपीआय_टाइप_क्रिएट_सबअ‍ॅरे वापरून संपूर्ण जाळीचा आकार, आपल्या तुकड्याचा आकार आणि त्याची सुरुवात सांगावी, त्यातून बनलेला डेटाप्रकार कमिट (वापरासाठी पक्का) करावा आणि एमपीआय_फाइल_सेट_व्ह्यू ला द्यावा. व्ह्यू म्हणजे फाइलचा जो भाग त्या प्रोसेसला दिसतो तो. शेवटी एमपीआय_फाइल_रीड_ऑल एकदाच बोलवावे. लूपमध्ये एकेक ओळ वाचल्यास हे फंक्शन वापरूनही लाभ हातचा जातो, कारण लायब्ररीला प्रत्येक वेळी एकच पट्टी दिसते. म्हणून सगळी मेहनत व्ह्यू नीट बांधण्यावर घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सामूहिक फंक्शन फाइल उघडणाऱ्या कम्युनिकेटरमधील (म्हणजे प्रोसेसच्या गटातील) प्रत्येक प्रोसेसने बोलवलेच पाहिजे. आपल्या जाळीत काही तुकडे गोव्याच्या किनाऱ्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्याही पलीकडे, निव्वळ जमिनीवर पडतात. तिथे समुद्राचे तापमान नसल्यामुळे त्या प्रोसेसना ‘जर’ची अट घालून वाचनातून वगळण्याचा मोह होतो. तसे केल्यास उरलेल्या प्रोसेस त्यांची वाट पाहत बसतात आणि प्रोग्राम सहसा कोणताही संदेश न देता अडकतो. अशा प्रोसेसनेही रीड_ऑल बोलवावे, फक्त वाचायच्या मूल्यांची संख्या शून्य द्यावी.

प्रत्येक प्रोसेसला एकच मोठा सलग भाग हवा असेल, तर स्वतंत्र वाचनाच्या तुलनेत फरक थोडाच पडतो. दोन्ही पद्धती आपल्याच यंत्रणेवर मोजून पाहाव्यात. नेटसीडीएफ-४ ही वैज्ञानिक माहिती साठवण्याची लायब्ररी वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की तिथे समांतर वाचन मुळात स्वतंत्रच असते आणि प्रत्येक चलासाठी एनसी_व्हार_पार_अ‍ॅक्सेस ने ते सामूहिक करावे लागते.

फाइलविषयक फंक्शनमधील चूक प्रोग्राम आपोआप थांबवत नाही, ती केवळ परतीच्या मूल्यात कळवली जाते. म्हणून ते मूल्य दरवेळी तपासावे. फाइल अपेक्षेपेक्षा लहान निघाली तर मात्र चूकही कळवली जात नाही, फक्त कमी मूल्ये हाती येतात. त्यामुळे वाचनानंतर एमपीआय_गेट_काउंट ने प्रत्यक्ष आलेली संख्या पाहूनच पुढील गणिताला हात घालावा.