टपावर पॅडलबोर्ड बांधताना

तारकर्लीला किंवा देवबागच्या खाडीत पॅडलबोर्ड (उभं राहून वल्हवायची लांब फळी) गाडीच्या टपावरून घेऊन जाणार असाल, तर बांधायला दहा मिनिटं जास्त द्या. बोर्ड पालथा ठेवायचा: उभं राहायची बाजू खाली, फिन (बोर्डाच्या तळाचं पातं) वर आणि गाडीच्या पुढच्या दिशेला. फिन काढता येत असेल तर काढूनच ठेवा. कॅरिअरच्या आडव्या दांड्यांवर फोमची नळी चढवा, नसेल तर जुना टॉवेल घट्ट गुंडाळा.

सुतळी किंवा नायलॉनची दोरी नको. रुंद पट्टे घ्या, दाबून अडकवायच्या बकलचे. रॅचेटचे, म्हणजे दांडी मागेपुढे करून आवळायचे पट्टे नकोच, त्यांचा ताण हाताला कळत नाही आणि बोर्डाची कड चेपते. पट्टा बोर्डावरून टाकून दांड्याखालून घ्या आणि परत वरून आणा. बकलखाली कापडाची घडी हवी. पट्ट्याला एक पीळ दिला की वाऱ्यात तो भणभणत नाही. मग बोर्ड धरून हलवा. बोर्डाबरोबर गाडी हलली पाहिजे.

कुंभार्ली घाटाच्या वळणांवर माझा बोर्ड वीतभर सरकला होता, कारण पुढचं टोक मी बांधलंच नव्हतं. तेव्हापासून पुढचं आणि मागचं टोक बंपरखालच्या हुकाला बांधतोच. निघाल्यावर पंधरा मिनिटांनी थांबून पट्टे पुन्हा ओढून बघा.

हवेचा बोर्ड असेल तर थोडी हवा कमी करा. मे महिन्याच्या उन्हात आतली हवा फुगते, शिवण उसवू शकते. परतताना बकलं गोड्या पाण्याने धुवा, खाऱ्या पाण्याने ती गंजून अडकतात.